कॅन्ससची सनद, मुक्काम कोथरूड

तुला हे अमेरिकेचं वेड कुठून लागलं असं सगळे विचारतात, तर जुन्या बाजारातून. आठ वर्षांपूर्वी एका रविवारी तिथे पितळी कुलपांच्या ढिगाशेजारी जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला जोडफोटो मिळाला, एकच दृश्य दोनदा, त्याला स्टिरिओव्ह्यू म्हणतात, खास भिंगातून बघितलं की चित्राला खोली येते. घोडागाड्या आणि मागे नुसतं माळरान. साठ रुपयांना घेतला आणि तेव्हापासून अमेरिकेच्या पश्चिमेकडचे जुने कागद, फोटो, जे जे परवडतंय ते गोळा करतेय.

मागच्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली १८७५ ची जमिनीची सनद घेतली, तिकडे तिला लँड पेटंट म्हणतात. जाहिरातीत होतं की राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची सही आहे, त्यामुळे किंमतही तशीच होती, दिवाळीचा बोनस त्यातच गेला. घरी आल्यावर भिंग घेऊन बसले तर ग्रँटच्या नावाखालीच बारीक अक्षरात सेक्रेटरीचं नाव, आणि दोन्हीचं वळण एकच. मग वाचत गेले तेव्हा कळलं की १८३३ पासून कायद्यानेच अध्यक्षांच्या वतीने सेक्रेटरी सह्या करायचा, म्हणजे लिंकन असो नाहीतर ग्रँट, त्या काळातल्या सनदेवरचं नाव त्यांच्या हातचं नसतंच. घ्यायचा विचार असेल तर हे आधी लक्षात ठेवा. सनद मात्र अस्सल आहे, अमेरिकन सरकारच्या भूमी खात्याच्या साइटवर शोधलं तर रजिस्टरमधली नक्कल फुकट बघायला मिळते, ती तंतोतंत जुळली.

वाईट वाटलं, पण दोन दिवसांनी सही सोडून बाकीचा मजकूर नीट वाचला आणि मग तो कागद मला सोडवेना.

सनद एका बाईच्या नावावर आहे, नावापुढे 'अमक्याची विधवा' असं लिहिलंय. १८६२ च्या होमस्टेड कायद्यात १६० एकर मिळायचे, पण पाच वर्षं तिथे राहून घर बांधून जमीन कसून दाखवायची. म्हणजे अर्ज नवऱ्याने केला, तो मधेच गेला, आणि उरलेली वर्षं हिने एकटीने काढली. एवढी सगळी गोष्ट त्या तीन शब्दांत.

मी शनिवारी मोडीच्या क्लासला जाते, तिथल्या सरांना कागद दाखवला. सरांनी चष्मा वर करून पहिलाच प्रश्न केला, "यात चतुःसीमा कुठंय?" आपल्या इनामपत्रात कसं, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस वडाचं झाड असं असतं, वाचलं की गाव डोळ्यासमोर येतं. यात नुसते आकडे. सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन म्हणजे टाउनशिप, त्याचे छत्तीस सेक्शन, एका सेक्शनचे ६४० एकर, त्यातला एक चतुर्थांश हिचा. शेजारी नाही, ओढा नाही, झाड नाही. जणू तिथे आधी कोणी नव्हतंच! आणि कॅन्सस हे नावच मुळी तिथल्या कान्सा लोकांवरून आलंय, ज्यांना कॉ असंही म्हणतात, आणि हा कागद निघायच्या दोनच वर्षं आधी, १८७३ मध्ये, त्यांना तिथून उठवून आताच्या ओक्लाहोमात पाठवलं. त्या बाईच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तरी तो कागद हातात घेतला की हेही आठवतं, दोन्ही एकदमच. म्हणूनच मी आदिवासींच्या पूजेच्या किंवा थडग्यातल्या वस्तू कधीच घेत नाही, कितीही स्वस्त मिळाल्या तरी. त्या त्यांच्याच आहेत.

सांभाळणं हा वेगळाच विषय. झेरॉक्सवाले दादा म्हणाले ताई लॅमिनेट करून टाका, कायमचं काम होईल. कृपा करून कुठलाच जुना कागद लॅमिनेट करू नका, तो परत सुटा होत नाही! मी पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवते, बाहेरून ऍसिड-फ्री फोल्डर, पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल, आणि दर महिन्याला कसर लागलीये का ते बघते.

आता एकच काम राहिलंय. सनद मिळायच्या आधी दोन शेजाऱ्यांची साक्ष लागायची, ही इथे खरंच राहते का, घर केवढं, दारं-खिडक्या किती, किती एकर नांगरलेत, अगदी आपल्या पंचनाम्यासारखं. ते कागद वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये असतात, पैसे भरले की कॉपी मिळते. गेल्याच आठवड्यात मागवलीये. सरही दर शनिवारी विचारतात, आले का गं तुझे शेजारी.