पपईच्या फोडीसाठी पाचशेचा स्टॅम्प पेपर

सोसायटीच्या बागेत पक्ष्यांसाठी फळं ठेवायची म्हटलं तर फळं आणणं, फांदी बघणं, वाटी टांगणं हे एका सकाळचं काम आहे, आणि पक्षी तर बोलवायलाही लागत नाहीत. अडतं ते कमिटीत. म्हणून हे लिहितेय, कारण अजून डोकं शांत झालेलं नाही.

आम्ही मुलुंडला राहतो, नॅशनल पार्कच्या बाजूला, त्यामुळे बुलबुल, तांबट, कोकीळ, साळुंक्या, पोपट सगळी मंडळी अशीही येतात. कंपाउंडच्या आतली उंबराची झाडं तोडल्यापासून कमी झाली होती एवढंच. (भिंतीला तडे जातात म्हणून तोडली, ते एक वेगळंच रामायण आहे.) मी अर्ज दिला ऑगस्ट 2025 मधे. आता त्या महिन्यात काय चाललं होतं ते आठवून बघा. जुलैच्या शेवटी हायकोर्टानं कबुतरांना बेकायदा दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा म्हणून सांगितलं होतं आणि तिकडे दादरचा कबुतरखाना (कबुतरांना दाणे टाकायची जुनी जागा) ताडपत्रीखाली गेला होता, रोज टीव्हीवर तेच. सेक्रेटरी काकांनी माझ्या अर्जाची पहिली ओळ वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही पेपर वाचता ना?"

मी म्हटलं, काका, वाचते, पण ते कबुतरांचं आहे, कबुतर दाणे खातं, मी पपई ठेवणारे. तर म्हणे पक्षी तो पक्षी, उद्या कुणी फोटो काढून तक्रार केली तर नोटीस सोसायटीच्या नावानं येणार. बरं, कबुतरांच्या विष्ठेनं फुफ्फुसाचे आजार होतात हे मला मान्यच आहे, आमच्याच मजल्यावर एकांना तो त्रास आहे, मी स्वतः गॅलरीला जाळी लावलीय. पण ऐकणार कोण! अर्ज "पुढच्या मीटिंगला घेऊ" मधे गेला.

पुढची मीटिंग कोरम नाही म्हणून रद्द. त्याच्या पुढची लिफ्टच्या देखभालीच्या करारावर संपली. मग चेअरमन मुलीकडे पुण्याला गेले ते दिवाळीनंतरच उगवले, आणि तेव्हा मला ऐकवलं की असा काही अर्ज फाइलला नाहीच! इनवर्डचा शिक्का मारलेली पोच होती म्हणून वाचले. सोसायटीत साधा नळ गळतोय असं कळवलंत तरी पोच घ्या, तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

शेवटी विषय निघाला तेव्हा घात केला तो माझ्याच बाजूच्या माणसानं. तळमजल्यावरचे आजोबा, अत्यंत प्रेमळ, भर मीटिंगमधे उभे राहून म्हणाले, "छान कल्पना आहे, मी रोज किलोभर ज्वारी देईन." झालं! ज्वारी शब्द ऐकल्याबरोबर सगळे असे दचकले जसं काही दारात अख्खा कबुतरखाना येऊन उभा राहिलाय. खजिनदारांना त्यांच्या पांढऱ्या गाडीची काळजी. एक वहिनी म्हणाल्या उंदीर येतील, एक म्हणाले माकडं येतील. उंदरांचं आणि माकडांचं बरोबरच होतं, मी ते लगेच कबूल केलं. पण तोवर बोलण्याला अर्थच उरला नव्हता, नुसता गलका. निर्णय काय, तर हमीपत्र द्या, स्टॅम्प पेपरवर. आणि शंभराचा स्टॅम्प पेपर आता चालत नाही, 2024 पासून पाचशेचा घ्यावा लागतो. म्हणजे पाचशे रुपये कशाला, तर बुलबुलानं पपई खावी म्हणून! मी त्या रागात तिथून उठून आले.

फरक पडला तो कायद्यानं नाही, सेक्रेटरी काकूंमुळे. मी माझ्या किचनच्या ग्रिलवर पपईची फोड ठेवायला लागले आणि मोबाइलवर व्हिडिओ काढत गेले. शेजारच्या एसीच्या डब्यावर कबुतरं नुसती बसलेली, पपईला चोचही लावत नाहीत, आणि इकडे लालबुड्या बुलबुलांची जोडी ताव मारतेय. हा पुरावा काकांना पाठवला तर त्यांनी बघितलाच नाही, बघितला काकूंनी. त्यात एक तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेला पक्षी होता, काकूंचा फोन आला, "अगं ही कोण?" म्हटलं कोकिळा, मादी. कुहू कुहू करतो तो काळा नर. त्यांना इतकं नवल वाटलं की रोज सकाळी विचारायच्या, आज आली का ठिपक्यांची? त्यानंतरच्या मीटिंगला माझा विषय पहिला होता आणि दहा मिनिटांत मंजूर. स्टॅम्प पेपर मात्र घेतलाच त्यांनी.

हमीपत्रातल्या अटी खरं तर चांगल्या आहेत, तुम्ही अर्जातच आधी लिहून टाका, वेळ वाचेल: धान्य, पाव, फरसाण, शिजवलेलं काही नाही, फक्त फळं. अंधार पडायच्या आत वाटी उचलायची, नाहीतर रात्री वटवाघळं आणि उंदीर. उरलेलं, उष्टं फळ हात न लावता ओल्या कचऱ्यात. पार्किंगपासून लांब. माकडं दिसली की काही दिवस सगळं बंद. आणि थोडंसंच ठेवायचं, दोन तासांत संपेल इतकं, कारण आपल्या हवेत फळ लगेच आंबतं.

काय चालतं: पपई, केळं, पेरू, चिकू, डाळिंबाचे दाणे. धुऊन. मीठ-मसाला लावलेलं नको. अव्होकाडो अजिबात नाही, पक्ष्यांना ते विषारी आहे. सफरचंद ठेवलंत तर बिया काढा. मुंग्यांसाठी तारेला ग्रीस लावायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो ऐकू नका, पिसांना चिकटतं. वाटी रोज घासायची हाच उपाय. शेजारी पाणी ठेवणार असाल तर तेही रोज बदला, नाहीतर डेंग्यूवरून नवीन मीटिंग.

अर्धं फळ खारच खाते हे आधीच मान्य करून टाका. पोपट खातो कमी आणि खाली पाडतो जास्त, त्यामुळे खाली झाडून घ्यायचं कामही आपलंच, माळीकाकांवर टाकलंत की तक्रार आलीच. आणि हरियाल येईल म्हणून वाट बघू नका, आपला राज्यपक्षी असला तरी तो वाटीपाशी येत नाही, त्याला मुख्यतः उंबर-वडाची फळं लागतात. झाड लावायला जागा असेल तर सिंगापूर चेरी लावा, भराभर वाढते, पक्षी तुटून पडतात, फक्त झाड आपल्याकडचं नाही आणि खाली चिकट सडा पडतो. जागा नसेल तर कढीपत्ता वाढू द्या, त्याची काळी फळं बुलबुल आणि कोकीळ दोघांनाही आवडतात आणि कढीपत्त्याला कुठल्याच कमिटीची हरकत नसते.

हो, आणि मंजुरी मिळाली की ठराव मिनिट्समधे लिहून घ्या आणि त्याची सही-शिक्क्याची कॉपी मागा. "आमची काही हरकत नाही" यावर राहू नका, कमिटी बदलली की ती हरकत परत उगवते. आमची परवानगी एका वर्षाचीच आहे, नूतनीकरणाचा अर्ज मी आत्ताच टाइप करून ठेवलाय आणि आजोबांना मीटिंगच्या दिवशी घरी चहाला बोलवायचं ठरवलंय.