अण्णा, लँगॉलेन आणि ताशी चार मैल

गेले चार महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर एक नकाशा पसरलेला आहे. ताटं त्याच्या कडेकडेने ठेवावी लागतात आणि अण्णा पोळीचा तुकडा हातात धरून त्या निळ्या रेघेवर बोट फिरवत बसतात. मेच्या मध्यावर आम्ही इंग्लंडला जातोय, सात दिवस नॅरोबोट भाड्याने घेऊन कालव्यात राहायला. मी, नवरा, पंधरा वर्षांची लेक आणि माझे वडील, वय ७६.

अण्णांबद्दल आधी सांगते, कारण सगळं प्लॅनिंग त्यांच्याभोवतीच फिरतंय. अण्णांची नोकरी पाटबंधारे खात्यात, बहुतेक सगळी श्रीरामपूरच्या बाजूला प्रवरेच्या डाव्या कालव्यावर. आमचं क्वार्टर कॅनॉलच्या कडेलाच होतं. रोटेशन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटायच्या आदल्या रात्री ते झोपायचे नाहीत, पहाटे सायकल काढून गेज बघायला जायचे आणि पाणी आलं की आम्हा भावंडांना उठवून दाखवायचे, ते पहिलं गढूळ फेसाळ पाणी, पुढे काडीकचरा ढकलत येणारं. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि अण्णा ठाण्याला आमच्याकडे आले. घोडबंदर रोडवर चौदावा मजला. खिडकीतून खाली हायवेचे दिवे दिसतात आणि हवा स्वच्छ असेल तर लांब खाडीची एक पट्टी. ते तक्रार करत नाहीत, पण दिवसदिवस त्या पट्टीकडे बघत बसतात, ते मला बघवत नाही.

खरं तर आधी युरोपची दहा दिवसांची टूर ठरत होती. एका टूरवाल्याकडे गेलो, त्याने अण्णांच्या गुडघ्याबद्दल ऐकलं आणि म्हणाला, काकांना जमेल तिथे उतरू द्या, नाहीतर बसमध्ये बसून राहतील, आमची बरीच सिनिअर मंडळी तसंच करतात. अण्णा समोरच बसले होते. घरी येताना रिक्षात कोणीच काही बोललं नाही. त्याच आठवड्यात लेस्टरच्या दिरांनी सहज एक फोटो पाठवला, लांबलचक हिरवी लाल होडी, छपरावर कुंड्या, शेजारी चालायची वाट. अण्णांनी फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "हा कॅनॉल कुठला गं ताई? लायनिंग दिसत नाही याला." बस, तिथे ठरलं.

नॅरोबोट म्हणजे काय ते थोडक्यात. तिकडचे जुने कालवे शेतीला पाणी द्यायला काढलेलेच नाहीत, ते मालवाहतुकीसाठी, कोळसा, चिनीमाती, चुनखडी वगैरे. जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनिअरचा ब्रिजवॉटर कालवा १७६१ साली चालू झाला आणि मँचेस्टरला कोळसा स्वस्त मिळायला लागला, मग देशभर कालवे खणायची लाटच आली. मधल्या इंग्लंडमधले बरेच लॉक, म्हणजे होडीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दारांचे हौद, सुमारे सात फूट रुंदीचे बांधले, म्हणून होडीची रुंदी ६ फूट १० इंच आणि लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. काठाच्या वाटेवरून घोडा दोरीने ओढायचा. पुढे रेल्वे आली आणि हा धंदा हळूहळू बसला, आपल्या ठाण्याला १८५३ साली पहिली गाडी आली तोपर्यंत तिकडे कालव्यांचे बरे दिवस सरत आले होते. आता त्याच होड्यांमध्ये पलंग, स्वयंपाकघर, बाथरूम बसवून लोक सुट्टीला जातात, काही जण कायमचे राहतातसुद्धा. इंग्लंड आणि वेल्समधले साधारण दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते.

आम्ही घेतलेली होडी ५७ फुटांची आहे. लेकीला ते डोळ्यांसमोर येईना, म्हणून एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेप घेऊन गेलो आणि खडूने आखलं. ओळीने चार गाड्या लावून वर थोडी जागा उरते एवढी लांब, आणि रुंदी अशी की मी आणि नवरा हात पसरून शेजारी उभे राहू शकत नाही. अण्णा त्या आखलेल्या चौकटीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, मध्ये थांबून इथे पलंग, इथे शेगडी असं करत, आणि म्हणाले, चालेल, दोन्ही बाजूंना हात टेकायला भिंत आहे. गुडघेवाल्या माणसाला हे फार महत्त्वाचं आहे, अरुंदपणा इथे उपयोगाचा ठरतो. अडचण आहे ती फक्त चढण्या-उतरण्याची. त्यासाठी दोनदा तलावपाळीला जाऊन होडीत बसलो, हलत्या होडीतून काठावर पाय टाकायचा सराव म्हणून, आणि फिजिओकडून रोज एका स्टुलावर चढउतार चालू आहे, डावा पाय आधी.

आता रूट. हे ठरवायला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि माझ्या मते तो द्यावाच. पहिल्यांदा जाणाऱ्याला सगळे जण गोल फेऱ्या सुचवतात, त्यातली फोर काउंटीज रिंग प्रसिद्ध आहे, ११० मैल आणि ९४ लॉक. एका आठवड्यात ती करायची म्हणजे सकाळी उठल्यापासून अंधारापर्यंत राबायचं, शिवाय गोल असल्यामुळे मध्ये कंटाळा आला तरी मागे फिरता येत नाही, पूर्ण करावीच लागते. तिकडे हिशोबाची एक सोपी रीत आहे, लॉक-माईल. एक लॉक म्हणजे एक मैल धरायचा, दोन्हींची बेरीज करायची आणि तिला तीनने भागायचं, तेवढे तास लागतात. वेगाची कायदेशीर मर्यादा ताशी चार मैल आहे, पण काठाला बांधलेल्या होड्यांजवळून जाताना इंजिन अगदी मंद करावं लागतं, नाहीतर त्यांच्या खुंट्या उपटून येतात, म्हणून हिशोबाला तीनच धरायचे. फोर काउंटीजचे ११० अधिक ९४, भागिले तीन, म्हणजे ६८ तास. अण्णांनी पाठकोऱ्या कागदावर हे मांडलं आणि कागद माझ्याकडे सरकवला, बोलले काहीच नाहीत.

मग लँगॉलेन कालवा सापडला. हा इंग्लंडमध्ये हर्ल्स्टनजवळ सुरू होतो, श्रॉपशायरमधून जातो आणि शेवटी वेल्समध्ये शिरतो. पूर्ण कालव्यावर २१ लॉक आहेत, पण त्यातले १९ सुरुवातीच्या टप्प्यातच संपतात, ग्रिंडली ब्रुकपर्यंत. आम्ही होडी एल्समीअरजवळून घेतोय, तिथून लँगॉलेनपर्यंत साधारण वीस मैलांत फक्त दोन लॉक, न्यू मार्टनचे. जाताना दोन, येताना दोन. दिवसाला चारपाच तास चाललो तरी गावं बघायला, पावसात थांबायला आणि अण्णांच्या दुपारच्या झोपेला भरपूर वेळ उरतो. एक गोष्ट लक्षात ठेवा, आठवडा म्हणतात पण होडी शनिवारी दुपारी ताब्यात मिळते आणि पुढच्या शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास परत द्यायची असते, म्हणजे हातात पूर्ण दिवस सहाच. आम्ही साडेतीन दिवस जायला आणि अडीच यायला धरलेत, आणि हे असं विषम का, ते अण्णांनी शोधून काढलं.

कारण या कालव्याला वाहतं पाणी आहे! बाकीच्या बहुतेक कालव्यांत पाणी जवळजवळ उभं असतं, इथे मात्र धार आहे, जाताना प्रवाहाविरुद्ध आणि येताना प्रवाहाबरोबर. लँगॉलेनच्या वर डी नदीवर हॉर्सशू फॉल्स नावाचा बंधारा आहे, थॉमस टेलफर्डने १८०८ साली बांधलेला, घोड्याच्या नालेसारखा वळलेला. तिथून पाणी कालव्यात घेतात आणि ते वाहत वाहत हर्ल्स्टनच्या जलाशयात जातं, पिण्याच्या पाण्यासाठी, रोज काही कोटी लिटर. १९४४ साली कायदा करून या भागातल्या कालव्यांवरची होड्यांची वाहतूक बंद करायची परवानगी घेतली गेली, बाकीचे बरेच भाग कोरडे पडले, बुजले, पण हा राहिला, कारण पाणी न्यायला तो लागत होता. हे मी वाचून दाखवलं तेव्हा अण्णा खुर्चीत ताठ बसले. "म्हणजे पाण्याने वाचवला त्याला," म्हणाले, आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं. त्या दिवसापासून हॉर्सशू फॉल्स यादीत पहिला आहे. तिथपर्यंत आपली होडी जात नाही, लँगॉलेनला बांधून काठाने दोनेक मैल सपाट वाटेने चालायचं असतं, आणि अण्णा सध्या रोज संध्याकाळी उपवनला तलावाभोवती फेऱ्या मारतायत त्या एवढ्यासाठीच.

दुसरं म्हणजे पाँटकसिल्टेचा जलसेतू. टेलफर्ड आणि विल्यम जेसप, १८०५ साल. डी नदीच्या खोऱ्यावरून १८ दगडी खांबांवर ओतीव लोखंडाचं पन्हळ नेलंय, ३०७ मीटर लांब आणि नदीपासून ३८ मीटर उंच, आणि त्यातून होडी जाते. एका बाजूला चालायची वाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला कठडाच नाही, पन्हळाची कड पाण्यापासून जेमतेम वितभर वर आणि पलीकडे सरळ दरी. २००९ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. आमच्या चौदाव्या मजल्यापेक्षा थोडंसंच खाली, लेकीने लगेच हिशोब केला. मला उंचीची भीती वाटते, मी वाटेवरून कठडा धरून चालत जाणार हे आत्ताच जाहीर केलंय, अण्णा मात्र होडीच्या पुढच्या बाकावर बसून जाणार.

होडी चालवायला लायसन्स लागत नाही, निघायच्या आधी तासभर शिकवतात. मागे उभं राहून टिलर नावाचा दांडा धरायचा, तो डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे जातं, आणि होडी मध्यावर फिरते, त्यामुळे वळताना शेपटी कुठे आपटते ते बघावं लागतं. समोरून होडी आली की आपण उजवीकडे राहायचं, आपल्या रस्त्याच्या उलट. फिरवायला कालव्यात ठराविक ठिकाणी रुंद जागा ठेवलेल्या असतात, त्या चुकल्या तर ५७ फुटी होडी पुढच्या जागेपर्यंत सरळ न्यावी लागते, म्हणून आम्ही नकाशावर त्या सगळ्या लाल पेनाने केल्यात.

लॉकचं तंत्र अण्णांना समजावून सांगावं लागलं नाही, त्यांनीच आम्हाला सांगितलं. पंप नाही, वीज नाही, सगळं गुरुत्वाकर्षणावर. पाण्याची एक खोली, दोन्ही टोकांना दारं. आतलं पाणी बाहेरच्या पातळीला आलं की दार हाताने ढकलून उघडतं, त्याआधी पाच माणसं लागली तरी हलत नाही. पाणी सोडणाऱ्या झडपा उघडायला एल आकाराचं एक हँडल देतात, विंडलस म्हणतात, अण्णा म्हणाले हे आमच्या स्क्रू गेटचंच हँडल. एकच गोष्ट खरी धोक्याची आहे. खाली उतरताना वरच्या दाराच्या आत पाण्याखाली दगडाची एक पायरी असते, पाणी उतरताना होडीची मागची बाजू त्यावर अडकली तर पुढचं टोक खाली जाऊन होडी बुडू शकते. भिंतीवर त्याची पांढरी खूण असते, होडी सतत तिच्या पुढे ठेवायची. इंग्रजीत सिल म्हणतात, अण्णांनी त्याला सरळ उंबरा म्हटलं आणि आता घरात सगळे उंबराच म्हणतात. लॉकवर आमची वाटणीही झालीय, नवरा टिलरवर, मी आणि लेक हँडलवर, अण्णा काठावर उभे राहून फक्त उंबऱ्याची खूण बघणार आणि ओरडणार. पोरीसाठी आणि अण्णांसाठी लाईफ जॅकेट आधीच सांगून ठेवलीत.

बाकीचं पटापट. मेअखेरीला तिकडच्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते तेव्हा गर्दी आणि भाडं दोन्ही वाढतं, म्हणून मध्यावर. भाडं पूर्ण होडीचं असतं, माणशी नाही, आणि आमच्या बुकिंगमध्ये डिझेल धरलेलं आहे. व्हिसा हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढलं नाही. रात्री बांधायला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, चालायच्या वाटेच्या बाजूला खुंट्या ठोकायच्या. पाण्याची टाकी दर दोन दिवसांनी भरायची. तूप, पेढे, पनीर न्यायचं नाही, दुधाचे पदार्थ तिकडे आणू देत नाहीत. थालिपीठाची भाजणी, गोडा मसाला आणि तीन लिटरचा कुकर मात्र बॅगेत आहे, चार बर्नरची गॅस शेगडी आहे म्हटल्यावर आमटी-भात होणारच.

काल अण्णांनी त्यांची स्वतःची यादी दिली. टेप, स्टॉपवॉच, वही, चार संत्री. संत्री कशाला विचारलं तर म्हणाले, जलसेतूच्या पन्हळाची रुंदी ११ फूट १० इंच, खोली सव्वापाच फूट, दोन्ही पुस्तकात दिलेत, फक्त वेग हवा. संत्रं पाण्यात बरोबर अर्धवट बुडून तरंगतं, वाऱ्याने फार ढळत नाही. वाटेवर तीस मीटर मोजून दोन खुणा करायच्या, दोन होड्यांच्या मधल्या वेळात नातीने वरच्या खुणेला संत्रं सोडायचं आणि त्यांनी खालच्या खुणेला घड्याळ धरायचं. चार वेळा करून सरासरी वेग फुटांत काढायचा, वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात वाहतं म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचं, मग रुंदीने आणि खोलीने, म्हणजे किती क्युसेक चाललंय ते कळेल.

लेक म्हणाली, अण्णा, पण शेवटी संत्री पाण्यातून बाहेर कशी काढणार? तर आज सकाळी ते नवऱ्याबरोबर जांभळी नाक्याला जाऊन लांब दांड्याची एक जाळी घेऊन आलेत, दांडा घडी होतो, बॅगेत मावतो.