श्रीवर्धनला का गेले, आणि पुढचं सगळं

पुण्यात चांगली नोकरी असताना श्रीवर्धनला कशाला जातेस, हे लग्न ठरल्यापासून इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

नवऱ्याची तिथे, रायगडच्या किनाऱ्यावर, नारळ-सुपारीची वाडी आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ ह्याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं, वारा ताशी 110-120 किमी. तेव्हा आम्ही नुसते एकमेकांना आवडत होतो, घरी कुणाला माहीत नव्हतं, आणि त्याचा फोन कितीतरी दिवस लागतच नव्हता. नंतर गेले तेव्हा वाडीत शिरायलाच जागा नव्हती, नारळ पोफळींवर, म्हणजे सुपारीच्या झाडांवर, पडलेले, पोफळी मधेच मोडलेल्या, कौलं उडालेली, आणि सगळ्यात भीती वाटली ती लख्ख उन्हाची, कारण पोफळीच्या वाडीत एवढं ऊन कधी नसतंच. जी झाडं वाचली त्यांनाही ते सोसेना. वरची सावली गेली की पश्चिमेच्या उन्हाने पोफळीचं खोड भाजतं, तिथे चिरतं, आणि मग साध्या वाऱ्यातही मोडतं. म्हणजे वादळ एका दिवसाचं पण झाडं पुढे जातच राहिली.

त्या दिवसांत तो मला म्हणाला, तू दुसरं कुणीतरी बघ. नवीन पोफळ धरायला पाच-सात वर्षं, नारळालाही तेवढीच, सरकारी मदत म्हणशील तर एका पोफळीला 50 रुपये आणि एका नारळाला 250, तोवर मी तुला काय देणार? मला खूप राग आला होता. इकडे वाडीवाल्या मुलांना आधीच मुली मिळत नाहीत, त्यात ह्याने स्वतःच दार लावून घ्यायचं!

पण त्याची भीती खोटी नव्हती हेही मला मान्य आहे. अरबी समुद्र तापतोय. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मोजलंय की 2001 ते 2019 ह्या काळात ह्या समुद्रातली चक्रीवादळं त्याआधीच्या 19 वर्षांपेक्षा 52 टक्क्यांनी वाढली. निसर्गनंतर वर्षभरात, मे 2021 मधे, तौक्ते वादळ इथूनच वर गेलं. आई म्हणायची, अगं माहीत असून कशाला उडी घेतेस, पुण्यात फ्लॅट घ्या, सुखाने राहा. मग 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडच्या सोसायट्यांमधे पाणी शिरलं, लोकांना बोटीतून काढलं, तेव्हापासून आई सुखाचं बोलत नाही.

कुठेतरी सगळं सुरक्षित असेल आणि तिथे जाऊन प्रेम करू, असं आता नाहीये. मग ज्याच्यासोबत राहायचंय तो कुठे रुजलाय ते बघून तिकडेच का जाऊ नये? मी गेले. नोकरी अर्धवेळ घरून चालू आहे, लाईट गेली की अडतंच. वाडीत आधी केळी लावल्या, कारण पोफळीच्या रोपांना सावली लागते, मग रोपं, मधे जायफळ, म्हणजे सगळं एकाच पिकावर नको. सासरे रोपांच्या आळ्यात वाळलेल्या विऱ्या (पोफळीच्या पानांची रुंद बुडं) नि झावळ्या पसरतात, ओल धरून राहते म्हणून, आणि मार्चमधेच एवढं तापायला लागलंय की तेही आता पूर्वीचा हिशोब सांगत नाहीत.

आता मुलाचं. मैत्रिणींमधे दोघी-तिघींनी ठरवून टाकलंय की अशा जगात मूल नको, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं, मनापासून पटतं, तरी मला मूल हवंय. नवरा आधी गप्प झाला, मग म्हणाला, त्याला वाडी सांभाळायलाच पाहिजे असं आपण म्हणायचं नाही. हे मला फार आवडलं. त्याला पोहता आलं पाहिजे, झाडावर चढता आलं पाहिजे, आणि जायचं असेल तिथे जाता आलं पाहिजे, एवढं आमचं ठरलंय.

सध्या मागची खोली स्लॅबची करायला घेतलीये. खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे, पण तान्ह्या बाळाला घेऊन जूनमधे कौलांखाली रात्र काढायची माझी तयारी नाही आणि सासूबाईंची तर अजिबातच नाही.