गौरी गेल्यावरची रात्र

गौरी-गणपती गेले की लालबागच्या आमच्या चाळीत एक रात्र येते. तिची मी वर्षभर वाट बघते. घरोघरचे गणपती गेलेले असतात, पाहुणे पांगलेले असतात, मंडपातल्या बाप्पाचा मुक्काम मात्र अनंत चतुर्दशीपर्यंत असतो. रात्रीची आरती झाली की ताडपत्रीचा पडदा अर्धा खाली सोडायचा, सतरंजी पसरायची आणि समईजवळ राखणीला बसायचं. चाळ सोडून डोंबिवलीला, विरारला, बदलापूरला गेलेली मंडळी त्या रात्री हमखास परत येतात. बाहेर राजाच्या रांगेचा गलका पहाटेपर्यंत चालू असतो आणि आत आमचा वाद रंगतो: यंदाचा सुपरहिरोचा सिनेमा जमला की नाही?

मला राखणीला पहिल्यांदा बसायला मिळालं ते 2002 साली. त्या उन्हाळ्यात ‘स्पायडरमॅन’ हिंदीतही आला होता आणि चाळीतलं प्रत्येक पोर मनगट वाकवून जाळं फेकत फिरत होतं. मुलींनी रात्री मंडपात थांबायची पद्धत नव्हती. बाबा कार्यवाह होते, त्यांनी एवढंच म्हटलं, “तिला समईत तेल घालायचं काम द्या, ती विसरणार नाही.” मी विसरले नाही. वात मोठी करता करता मी पीटर पार्करची, म्हणजे स्पायडरमॅनची, बाजू एवढी तावातावाने मांडली, की पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं.

एक नियम तेव्हापासून कडक आहे. ज्याने सिनेमा पाहिला नाही त्याने गच्चीवर जावं, चहा वर पाठवला जाईल. नियमाला अपवाद फक्त तिसऱ्या मजल्यावरचे नाना. ते नवीन काही बघत नाहीत. त्यांचा सुपरमॅन 1978 चा, क्रिस्तोफर रीव्हचा. प्रेयसी लोइस मेली म्हणून पृथ्वीभोवती उडत काळ मागे फिरवणारा. “ह्याच्या वर काय करणार आहात?” असं म्हणून ते खुर्चीत मागे टेकतात, आणि खरं सांगायचं तर ह्यावर आजवर कुणाला नीट उत्तर देता आलेलं नाही.

2008 ची रात्र मात्र माझ्या मनात घर करून आहे. बॅटमनचा ‘द डार्क नाइट’ जुलैत लागला होता. त्यात दोन बोटी आहेत, एकीत साधी माणसं, दुसरीत कैदी. दोन्हींत स्फोटकं भरलेली आणि एकीचं बटण दुसरीच्या हातात. कुणीच दाबलं नाही तर दोन्ही उडणार. पहिल्या मजल्यावरचा दादा गोदीत कामाला होता. त्याने अख्खा प्रसंग उचलून भाऊच्या धक्क्यावर आणून ठेवला. “ही रेवसची लाँच समज, ती मोऱ्याची. गणपतीला गावी निघालीत माणसं, बोचकी आहेत, कडेवर पोरं आहेत. आता सांग, कोण दाबेल बटण?”

कुणी म्हणालं, घाबरलेला माणूस काहीही करतो. कुणी म्हणालं, दुसऱ्या बोटीत कैदी आहेत म्हटल्यावर दाबतीलच. साडेतीन वाजले तरी दादा हटेना. “मी रोज बघतो त्यांना. लाँच हेलकावली की आधी शेजारच्या बाईचं पोर धरतात. ओळख ना पाळख.” मी त्या रात्री दादाच्या विरुद्ध बोलले होते.

अडीच महिन्यांनी, 26 नोव्हेंबरच्या रात्री सीएसटीवर गोळीबार झाला. उद्घोषक विष्णू झेंडे माइकवर प्रवाशांना सावध करत राहिले, स्टेशनाबाहेर पडायला सांगत राहिले. पुढच्या वर्षी राखणीला बसल्यावर दादाने फक्त त्यांचं नाव घेतलं. वाद तिथेच मिटला.

त्यानंतर आमच्या चर्चेत एक प्रश्न कायमचा येऊन बसला: ह्याने आधी माणसं वाचवली का? 2013 च्या सुपरमॅनच्या ‘मॅन ऑफ स्टील’वर आमचे खजिनदार काका म्हणूनच तुटून पडले. “एवढे टॉवर पाडले, आत माणसं किती होती? मोजली कुणी?” मी त्या सिनेमाच्या बाजूने होते, आजही आहे. खलनायक झॉडची मान मोडल्यावर सुपरमॅन झालेला हेन्री कॅव्हिल जी किंकाळी फोडतो, ती मला पोटातून आलेली वाटते. पण काकांचा प्रश्न रास्त होता, हेही मी तेव्हाच कबूल केलं होतं.

गेल्या काही वर्षांतली सगळ्यात सुंदर रात्र 2025 ची. जेम्स गनचा ‘सुपरमॅन’ जुलैत आला होता, लाल चड्डी परत आली म्हणून नानासुद्धा थोडे सावरून बसले होते. बदलापूरहून माझा सोळा वर्षांचा भाचा आला होता. त्याने कॅरम बोर्ड ओढला, बोरिक पावडर मूठभर ओतली आणि हाताने सारखी केली. “आत्या, हा बर्फ.” मग स्ट्रायकर वरून टपकन टाकला. पावडर उडाली आणि स्ट्रायकर तिच्यात अर्धा रुतला. “सिनेमा इथून सुरू होतो. तो हरलाय. आयुष्यात पहिल्यांदा.” मग एक पांढरी सोंगटी धावत आणली, स्ट्रायकरला टेकवली आणि दोन्ही मिळून घसपटत बोर्डच्या कोपऱ्यापर्यंत नेली. ते त्याचं कुत्रं. मागे पावडरीत लांबलचक चर उमटला होता. आम्ही दहा-बारा माणसं त्या चराकडे बघत गप्प बसलो.

पुढे राक्षसाच्या लढाईत सुपरमॅन एक खार वाचवतो, त्याचा विषय निघताच खजिनदार काकांनी मांडीवर थाप मारली. बारा वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं होतं. दादाला मात्र आईबापांचा निरोप पटला नाही. क्रिप्टॉन ग्रहावरच्या आईबापांनी पोराला माणसांवर राज्य करायला पाठवलं? “बापाला असं खाली आणू नये,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच दुखावलेला होता. त्याचे स्वतःचे वडील गिरणी बंद पडल्यावर गावी गेले ते परत आले नाहीत. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी घाईने बोललं नाही.

मला जे वाटत होतं ते मी सावकाश सांगितलं. निरोप कुणाचा का असेना, त्याला जेवू घातलं शेतावरच्या केंट म्हातारा-म्हातारीने, ताप आला तर उशाशी बसली तीच. तू दुपारी कुणाकडे जेवायचास दादा? त्याने वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर, नानांकडे. दहावीपर्यंत.

दादा काही बोलला नाही. सिनेमा त्याला पटला असंही नाही, मी त्याला ओळखते. त्याने किटलीतला उरलेला चहा नानांच्या कपात ओतला.

पावणेपाच झाले असतील. रांगेचा आवाज जरा उतरला होता. मी समईत तेल घातलं, वात सारली. भाचा बोर्ड पुसायला फडकं घेऊन वाकला, तेवढ्यात नानांनी खुर्चीतून हात वर केला.

“राहू दे रे तो बर्फ. आणि त्या कुत्र्याचं नाव काय म्हणालास?”