फ्रीमाँट ते सॅन होजे, व्हाया कम्युनिटी कॉलेज : फी भरण्याआधी वाचा

आधी कम्युनिटी कॉलेज आणि मग स्टेट युनिव्हर्सिटी अशा रस्त्यानं क्रिमिनल जस्टिसची, म्हणजे गुन्हे आणि न्यायव्यवस्थेच्या अभ्यासाची, बॅचलर्स करू पाहणाऱ्या बायकांसाठी हे लिहितेय. आधी पैशांचं, कारण माझं डोकं अजून त्याच गोष्टीनं तापलेलं आहे. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची फी रहिवाशाला युनिटमागे, म्हणजे क्रेडिटमागे, ४६ डॉलर. म्हणजे तीन युनिटचा विषय १३८ डॉलरला. बाहेरच्याला त्याच वर्गातल्या तशाच खुर्चीसाठी युनिटमागे वर आणखी काहीशे डॉलर मोजावे लागतात. एच-४ व्हिसा (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा) दिसला की काउंटरवरचा माणूस तुम्हाला बिनदिक्कत बाहेरच्यांत ढकलतो. मला ढकललंच. "व्हिसावर आहात ना, मग नॉन-रेसिडेंट." विषय संपला. बिल बघून नवऱ्यानं दोनदा चष्मा पुसला.

हे साफ चूक आहे. एफ-१ (विद्यार्थी) किंवा बी-२ (पर्यटक) व्हिसावर आलेल्यांना फीपुरतं राज्याचं रहिवासी होता येत नाही. एच-१बी आणि एच-४ वाल्यांना येतं. अट अशी की सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी राज्यात राहून एक वर्षाहून जास्त झालेलं असावं आणि इथेच राहायचा इरादा कागदावर दिसावा. त्यासाठी ड्रायव्हिंग लायसन्स, भाडेकरार, विजेचं बिल आणि सगळ्यांत वजनदार म्हणजे राज्याच्या आयकराचा फॉर्म ५४०. कागद जितके जुने तितके बरे, महिनाभरापूर्वी काढलेल्या लायसन्सकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

व्हिसाचं मान्य झालं तर दुसरं खुसपट निघालं. मी उन्हाळ्यात साताऱ्याला जाऊन आले होते, म्हणून म्हणे "सलग वर्ष भरत नाही". तात्पुरतं बाहेर गेल्यानं रहिवास तुटत नाही, आणि हे त्यांच्याच कॅटलॉगमध्ये छापलेलं होतं. त्या पानाची प्रत काढली, रेषा मारली आणि अर्जाला टाचली. काउंटरवर वाद घालू नका, तिथल्या माणसाला निर्णयाचा अधिकारच नसतो. रहिवास-फेरविचाराचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि दर आठवड्याला ईमेल टाका. फी मात्र थांबवू नका, थकली तर वर्गातून नाव उडतं आणि लोकप्रिय विषयात परत जागा मिळत नाही. माझे पैसे परत आले, पण निम्मं सत्र उलटल्यावर. क्रेडिट कार्डाचं व्याज कोणी दिलं? मीच.

इंग्रजी नीट वाचता-लिहिता येतं आणि संध्याकाळी घर सांभाळायला कोणी आहे, असं धरूनच पुढचं लिहितेय. आणखी एक. भारतातली पदवी हातात असेल तर जरा थांबा. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे सीएसयूच्या, बऱ्याच कॅम्पसवर दुसऱ्या बॅचलर्सचं दार बंद असतं. माझं बी.कॉम. लग्नामुळे अर्धवट राहिलं होतं, ते इथे कामी आलं असं म्हणायचं. पदवीधर बायकांनी सरळ मास्टर्सची चौकशी करावी.

कम्युनिटी कॉलेजात या विषयाचं नाव 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस'. यादीत क्रिमिनल जस्टिस शोधत बसलात तर सापडणार नाही. घ्यायची ती ट्रान्सफरसाठीची, म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीत जाण्यासाठीची, असोसिएट डिग्री, २०१०च्या कायद्यानं आलेली. साठ युनिट इथे, साठ तिथे, आणि सीएसयूमध्ये प्रवेशाची हमी. ही हमी सीएसयूत कुठे तरी जागा देण्याची आहे, तुमच्या घराजवळच्या कॅम्पसची नाही. माहितीसत्रात ही गोष्ट इतक्या हळू आवाजात सांगतात की मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही.

"हा विषय ट्रान्सफर होतो" या वाक्यावरही विसंबू नका. नुसती युनिट मोजली जाणं वेगळं आणि मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, अटीत तो विषय धरला जाणं वेगळं. असिस्ट या सरकारी संकेतस्थळावर तुमचं कॉलेज, हवी ती युनिव्हर्सिटी आणि मेजर टाकून तक्ता काढा, छापा आणि समुपदेशकासमोर ठेवा. भाषण, निबंधलेखन, तर्क आणि गणित हे चार विषय किमान सी-मायनसनं सुटले नाहीत तर सीएसयूचं गाडं अडतं. गणितात स्टॅटिस्टिक्स घ्या, पुढे संशोधनपद्धतीत तेच लागतं. २०२५च्या फॉल (शरद) सत्रापासून सामान्य विषयांची यादी बदलून कॅल-गेटसी आली आहे, त्यामुळे मैत्रिणीची जुनी वही वापरू नका.

अभ्यास? सोपा आहे, बहुतेक. क्रिमिनल लॉ सोडून. त्यात खुनाचे प्रकार आणि 'इरादा' यांवर रात्री गेल्या. (इरादा सिद्ध करायची सवय तोवर चांगलीच झाली होती.) ज्युरीच्या तासाला मी नानावटी खटला सांगितला : १९५९, मुंबई, ज्युरीनं ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं आणि हायकोर्टानं ते फिरवलं. वर्ग गप्प. कोर्टात बसून निरीक्षण लिहायचं काम मिळालं तर फ्रीमाँट हॉल ऑफ जस्टिसला जा, सुनावणी जनतेला खुली असते. टीव्हीवरचं काहीही तिथे दिसत नाही, तडजोडी आणि तारखाच जास्त.

पोलीस व्हायचं म्हणून हे शिकत असाल तर उगाच शिकताय. इथे पोलीस भरतीची राज्याची किमान शैक्षणिक अट हायस्कूलची आहे. २०२३पासून नागरिकत्वाची अट गेली, काम करायची कायदेशीर परवानगी पुरते. पण तात्पुरत्या व्हिसावरच्यांना बंदूक बाळगण्याबद्दल केंद्राचा कायदा कडक आहे, तेव्हा हुरळू नका. प्रोबेशन (शिक्षा झालेल्यांवर देखरेख), कोर्टातली कामं, पीडितांना मदत करणाऱ्या संस्था यांतल्या बऱ्याच जागांसाठी मात्र बॅचलर्स मागतात, आणि तिथे हा रस्ता स्वस्त आहे. रहिवासी दरानं साठ युनिटची फी २,७६० डॉलर होते. एवढ्यात दुसरीकडे काय येतं सांगा!

सीएसयूचा फॉलचा अर्ज आदल्या वर्षी १ ऑक्टोबरला उघडतो आणि त्याची अग्रक्रमाची मुदत नोव्हेंबरअखेरीच्या सुमारास संपते. दिवाळी त्यातच येते, म्हणून फराळाआधी अर्ज. सॅन होजे स्टेटला गेलात तर गाडी घरी ठेवा, सेमिस्टरच्या सुरुवातीला पार्किंग म्हणजे नुसता मनस्ताप. बेरियेसा स्टेशनपर्यंत बार्ट (लोकल ट्रेन), तिथून ५०० नंबरची बस. बससाठी विद्यार्थ्यांना व्हीटीए या बससेवेचा स्मार्टपास मिळतो, बार्टचे पैसे मात्र वेगळे.