फ्लशिंग: आई-बाबांचा पहिला पत्ता शोधताना

आई-बाबा १९७४ मध्ये अमेरिकेत गेले ते थेट न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या फ्लशिंगला. पुढे न्यू जर्सी, तिथे माझा जन्म, आणि मी शाळेत जायच्या आत सगळे पुण्याला परत. त्यामुळे फ्लशिंग मला ऐकूनच ठाऊक होतं. यंदा उन्हाळ्यात जाऊन आले.

कुणाला असं जायचं असेल तर आधी पत्ता हुडका, आणि तो कागदावरचा हवा. आईला इमारतीचा नंबर पाठ होता, पण रस्त्याचं नाव ती प्रत्येक वेळी वेगळं सांगायची. शेवटी आजीने जपलेल्या एरोग्रामच्या मागच्या बाजूला पूर्ण पत्ता मिळाला. क्वीन्सच्या पत्त्यातली आडवी रेघ गाळू नका. ४५-५७ बाउन स्ट्रीट म्हणजे बाउन स्ट्रीटवर, ४५व्या ॲव्हेन्यूच्या लगत. शिवाय एकाच आकड्याचे ॲव्हेन्यू, रोड आणि ड्राइव्ह हे वेगवेगळे रस्ते असतात. टॅक्सीवाल्याला नुसता आकडा सांगून भागत नाही.

दुसरं काम घरबसल्या होतं. करआकारणीसाठी शहराने १९४० च्या सुमाराला आणि पुन्हा १९८० च्या दशकात जवळजवळ प्रत्येक इमारतीचा फोटो काढला. म्युनिसिपल अर्काइव्हजच्या संकेतस्थळावर ते फुकट बघता येतात. त्यासाठी इमारतीचा ब्लॉक आणि लॉट क्रमांक लागतो, तो शहराच्या ‘झोला’ नकाशावर पत्ता टाकला की कळतो. आमच्या इमारतीचा ऐंशीच्या दशकातला रंगीत फोटो आईला दाखवला, तर ती आधी खिडक्याच मोजायला लागली.

मॅनहॅटनहून ७ नंबरची सबवे शेवटपर्यंत, फ्लशिंग मेन स्ट्रीटला जाते. बँकेचं कार्ड टेकवलं की आत जाता येतं. शनिवार-रविवारी या मार्गावर बरेचदा कामं निघतात, तेव्हा पेन स्टेशन किंवा ग्रँड सेंट्रलहून लाँग आयलंड रेलरोड पकडावी. ती लवकरही पोचते.

मेन स्ट्रीटवर भारतीय दुकानं शोधू नका. पाट्या चिनी, फुटपाथवर फळांचे ढीग, आणि गर्दी दादरच्या रानडे रोडसारखी. काही जण ‘आपलं फ्लशिंग राहिलं नाही’ म्हणून हळहळतात. मला ते पटत नाही. नव्याने आलेल्या माणसाला परवडणारी खोली आणि घराजवळ सबवे, यासाठीच आई-बाबा तिथे राहिले, आणि आजही लोक त्यासाठीच येतात.

इमारत सापडली. सहा मजली, विटांची, ठाकठीक. व्हिडिओ कॉल लावला. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळचे साडेसात, वेळ छान जुळते.

‘‘अगं, फोन जरा डावीकडे कर. तिथून तळघरात जायचा जिना होता, खाली कपडे धुवायची मशिनं.’’

‘‘आई, तिथे आता दार आहे, बंद.’’

‘‘मग वाजव की बेल!’’

बेल वाजवू नका. लोक राहतात तिथे. बाहेरून फोटो काढा, कुणी आत-बाहेर करताना भेटलंच तर दोन शब्दांत कारण सांगा. मला इमारतीच्या सुपरने, म्हणजे देखभाल करणाऱ्याने, लॉबीपर्यंत नेलं. ते पुरे होतं.

बाउन स्ट्रीटवरच्या गणपती मंदिराला मात्र वेळ ठेवा. आधी तिथे रशियन ऑर्थोडॉक्स चर्च होतं. ती जागा घेऊन १९७७ मध्ये मंदिर झालं, तेव्हा आई-बाबा दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. तळघरातलं कँटीन नंतरचं, त्यामुळे तिथल्या डोशाबद्दल आईला काही सांगता आलं नाही. मी सांगते: खा. रविवारी रांग लागते, मधल्या वारी जा. त्याच रस्त्यावर उत्तरेला जॉन बाउनचं १६६१ मधलं घर आहे. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना घरी प्रार्थनेला जमू दिलं म्हणून त्याला अटक झाली होती. आत जायचं असेल तर ते घर उघडं असण्याच्या वेळा आधी बघून ठेवा.

वाणसामान, साड्या, मिठाई हवी असेल तर परतताना ७ नेच ७४ स्ट्रीट-ब्रॉडवेला उतरून जॅक्सन हाइट्समध्ये फिरा. गाडीच्या ७ भोवती तिरपा, हिऱ्यासारखा चौकोन असेल तर ती एक्स्प्रेस, इथे थांबत नाही. गोलातली ७ घ्यायची.