६.७ वर खूश असलेले तात्या

फलटणला माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. आषाढी उरकली की वारीहून परतलेले मधुमेही ज्येष्ठ साखर तपासायला येतात. तात्या त्यांतलेच. वय ७४, मधुमेह जुना. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.७ आलं आणि स्वारी खूश.

मी त्यांच्या पायांकडे बघत होते. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ नडगीवर खोल रुतला होता. अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडला, लवकर भरेना.

"यंदा दिवेघाटात दम लागला, टेम्पोत बसलो," तात्या म्हणाले. "वय झालं, दुसरं काय!"

छातीत दुखलं का, तर "छे!" जुन्या मधुमेह्याच्या या "छे"वर माझा विश्वास नाही. मज्जातंतू बधिर झालेले असले की ॲटॅकसुद्धा न दुखता येऊन जातो.

त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, याच रक्तात एनटी-प्रोबीएनपी लावू का?"

"लावा. ट्रोपोनिनही बघा."

हृदयाच्या भिंतीवर ताण आला की तिथल्या पेशी एनटी-प्रोबीएनपी रक्तात सोडतात; हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन चढतं. ओपीडीतल्या पेशंटमध्ये एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या वर गेलं की पुढची तपासणी करायची. तात्यांचं ११४०. मशीन बरोबर मोजतंय ना ते बघितलं, सॅम्पल पुन्हा लावलं, तेच. हा आकडा नुसत्या वयानेही चढतो, किडनी थकली तरी चढतो, आणि लठ्ठ माणसात फसवा कमी येतो. पण तात्या सडपातळ, आणि क्रिएटिनिन १.१, म्हणजे किडनी ठीक. ट्रोपोनिन टी १९, मर्यादा १४. तीन तासांनीही १९च. म्हणजे आजचा ॲटॅक नव्हे, हळूहळू चाललेली झीज.

गोळ्या दाखवा म्हटलं, तर पिशवीतून पट्टी निघाली: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन, तिन्ही एकाच गोळीत. पायोग्लिटाझोन साखर छान उतरवतं, पण अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदयाला रक्त पंप करण्याचं काम झेपेनासं झालं की, ते देतच नाहीत. त्या ६.७ मध्ये त्याचाही वाटा होताच.

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ५८ टक्के, म्हणजे ठीक; पण हृदय कडक झालेलं, डावा वरचा कप्पा फुगलेला. सरांनी ती गोळी बंद केली, मेटफॉर्मिन ठेवलं, हृदयालाही जपणारं साखरेचं औषध डापाग्लिफ्लोझिन आणि थोडे दिवस लघवीची गोळी दिली.

दिवाळीच्या सुमारास तात्या पुन्हा आले. पायावर वळ नाही, जिना न थांबता चढले. एनटी-प्रोबीएनपी ४८०. मी खूश, तात्या मात्र नाराज. एचबीएवनसी ७.४ झालं होतं.

"या वयात ७.४ मला चालतंय," सरांनी स्पीकरवर सांगितलं.

"तुम्हाला चालतंय हो," तात्या फोनकडे वाकून म्हणाले, "पण भजनी मंडळात सगळ्यांत कमी माझीच होती!"